आमवातात उपवास करावा की रोजचं ताट बदलावं?

आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं की आठवड्याभरात घरी दोन सल्ले येऊन पोहोचतात. वडीलधारी माणसं म्हणतात, "लंघनं परमौषधम्, चार दिवस पोटाला विश्रांती दे." पुतणी-भाची म्हणतात, "काकू, सूज कमी करणारा आहार सुरू कर." गेल्या अकरा वर्षांत मी दोन्ही करून पाहिलं आहे. ज्यांच्या हातात या आजाराच्या रक्ततपासण्यांचा, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपीचा, रिपोर्ट नुकताच पडला आहे आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं सांधा आतून झिजण्याचा वेग रोखतात. उपवास किंवा आहार ती जागा घेऊ शकत नाही. म्हणून गोळ्या चालू आहेत असं धरूनच पुढची तुलना.

उपवासाने आमवातात बरं वाटतं, हे खरं आहे. 1991 साली नॉर्वेतल्या एका अभ्यासात 27 रुग्णांना चार आठवडे आरोग्यधामात ठेवलं. पहिले सात ते दहा दिवस जवळपास उपाशी, मग साडेतीन महिने गहू आणि दूध वगळलेला शाकाहार, त्यानंतर हळूहळू दूधदुभतं. वर्षभरानेही त्यांची तब्येत नेहमीचं जेवणाऱ्या गटापेक्षा बरी होती. पण त्याआधीच्या अभ्यासांत लोक उपवास सोडून पूर्वीच्या जेवणावर परतले तेव्हा दुखणंही परत आलं होतं. म्हणजे आराम टिकला तो नंतरच्या ताटामुळे, असंच मला त्यातून दिसतं.

आपल्या प्रश्नाला अगदी नेमका भिडणारा अभ्यास बर्लिनचा आहे, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला. 53 रुग्णांचे दोन गट. एका गटाने सात दिवस भाज्यांच्या रसावर काढले आणि पुढचे अकरा आठवडे वनस्पतिजन्य आहार घेतला. दुसऱ्या गटाने उपवास केलाच नाही, बारा आठवडे सूज कमी करणारा आहार घेतला. तीन महिन्यांनी दोन्ही गटांना रोजची कामं करणं सोपं झालं होतं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अभ्यास लहान आहे. तरी उपाशी न राहता तेवढंच मिळत असेल, तर उपाशी राहण्याला काही वेगळं कारण हवं, एवढं त्यावरून म्हणता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर "जपानी शास्त्रज्ञाला उपवासासाठी नोबेल" असं फिरत असतं. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःचे जुने भाग कसे मोडून पुन्हा वापरतात, त्या यंत्रणेच्या शोधासाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर आहे. त्यातून तुमच्या एकादशीबद्दल काही सिद्ध होत नाही.

शिवाय बर्लिनचा उपवास आणि आपला उपवास यांत फार अंतर आहे. आपल्याकडे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चारला वेफर्स, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा हा निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत. या आजारात सांध्यांबरोबर स्नायूही झडतात, त्यामुळे प्रथिनं कमी पडून चालत नाही.

उलट कडक उपवासात गोळ्यांची पंचाईत होते. मी लहानपणापासून संकष्टी करते. स्टेरॉइड चालू असतानाची एक संकष्टी अजून आठवते. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सुजेवरची वेदनाशामक गोळी नुसत्या चहावर घेतली. तीन वाजता छातीखाली आग पडली. रात्री साडेनऊला चंद्र दिसला, नैवेद्य झाला, मोदक फोडून तूप सोडलं आणि पहिला घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र चालू असतील तर जठराला व्रण होण्याचा धोका बराच वाढतो, आणि मी तर पोटात अन्नही ठेवलं नव्हतं. मग स्टेरॉइड त्या दिवशी चुकवावं का? तेही नाही. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते एकदम थांबवलं तर रक्तदाब खाली येऊन माणूस कोसळू शकतो.

निर्जळी तर अजिबात नको. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पाणी कमी पडलं की ते अंगात जास्त वेळ राहतं आणि त्याची विषबाधा होऊ शकते. ज्यांना मधुमेहही आहे आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांची साखर उपवासात खाली येते. आमवातासाठी दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसुद्धा साखर उतरवू शकते, हे फार जणांना माहीत नसतं. आणि सांधेदुखी आमवाताची नसून युरिक अ‍ॅसिडची असेल, तर उपवासाने ते वाढून पायाचा अंगठा रातोरात टरारून सुजतो.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये 2003 साली बारा आठवड्यांच्या भूमध्यसागरी आहाराने आजाराचा जोर कमी झाल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शनात नावानिशी शिफारस केली ती याच आहाराची, तीही बेताने. ऑलिव्ह तेल आणायची गरज नाही. डाळी-उसळी, भाज्या, अख्खं धान्य, मासे, दाणे आणि तेलबिया जास्त, साखर, मैदा आणि तळण कमी, हे त्याचं सार. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी: मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे ताट आधीपासून आहे. कोकणात बांगडा आणि तारली आहेत. माशांतलं ओमेगा-3 (सूज कमी करणारी चरबी) शरीराला थेट लागू पडतं, जवसातलं थोडंच त्या रूपात बदलतं. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा खावेत. पण अभ्यासांत ज्या मात्रेने दुखणं कमी झालं ती रोजच्या 3 ग्रॅमच्या आसपास होती, आणि दोन दिवसांच्या बांगड्यातून तेवढी भरत नाही.

या आहाराबद्दल लिहिणारे एक गोष्ट सांगत नाहीत: तो हातांनी करावा लागतो. सकाळी बोटं आखडलेली, डब्याचं झाकण फिरत नाही, अशा वेळी भाकरी थापायची आणि मेथीची जुडी निवडायची कशी? उपवासाची खरी ओढ मला तिथेच वाटायची. स्वयंपाकच नको. त्यावर मी हळूहळू वाटा काढल्या. मनगट धरलं असेल त्या दिवशी भाकरीऐवजी ज्वारीच्या पिठाचं धिरडं. मटकी रविवारी दोन दिवसांपुरती मोडवून फ्रिजमध्ये. पालेभाजी निवडायचं काम घरातल्या इतरांकडे, रात्री टीव्हीसमोर. जवस लोखंडी तव्यावर मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, लसूण, सुकी मिरची आणि मीठ घालून मिक्सरमधून काढायचे. अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. चटणी वाटीभरच करावी, जवस लवकर खवट होतात.

हळद भाजीत असते तेवढी पुरे. हळदीच्या कॅप्सूल मेथोट्रेक्सेटबरोबर मनाने सुरू करू नयेत, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतंच. "वांगं वातूळ" म्हणून चंपाषष्ठीनंतरही वांगं न खाणारे बरेच आहेत. वांगी-टोमॅटोने आमवात वाढतो याला पुरावा नाही. शंका असेल तर एकच पदार्थ तीन आठवडे सोडून पुन्हा खाऊन पाहावा. एकदम दहा पदार्थ सोडले तर वजन तेवढं उतरतं.

वजन आधीच कमी असेल, स्टेरॉइड चालू असेल, मधुमेहाचं औषध असेल, तर मी निःशंक ताटच सांगेन. अंगाने भारी असाल, आजार आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर संध्याकाळी सातला जेवून सकाळी सात-आठला न्याहारी आणि गोळ्या, एवढा बारा तासांचा खंड जमण्यासारखा आहे. बारा आठवडे द्या. उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली ते रोज वहीत लिहा. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) वाढली की उतरली, ते पुढच्या तपासणीत कळेल.

देवासाठी केलेला उपवास ही वेगळी गोष्ट आहे, तो सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. माझी संकष्टी चालू आहे. सकाळी आठला राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, त्यावर गोळ्या, दिवसभर पाणी आणि ताक. रात्री चंद्रोदयानंतर मोदक. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना कॅलेंडर बरोबर न्या. संकष्टी, एकादशी, नवरात्र यांवर खुणा करा, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून ज्या वारी घेता तो वारही लिहा, आणि हे दोन्ही कुठे एका दिवशी येतं ते त्यांच्यासमोर ठेवून विचारा.