२ टीबीचा ड्राइव्ह, आत ६४ जीबीचं कार्ड

ऐरोलीत घरूनच इंटिरियरची कामं करणाऱ्या एका ताईंचा लॅपटॉप खूप मंदावला होता. घरी आलेल्या रिपेअरवाल्याने हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, 'फुल बॅकअप'साठी २ टीबीचा पोर्टेबल ड्राइव्ह स्वतःच आणून विकला आणि जुनी डिस्क 'एक्स्चेंज'मध्ये घेऊन गेला. "मॅडम, सगळं टाकलंय, साइझ जुळवून बघा." साइझ जुळली. महिन्याभराने साइटचे जुने फोटो उघडले, तर वरची पट्टी दिसते आणि खाली सगळं करडं. पुढचे तर उघडतच नाहीत. फोन केल्यावर तो म्हणाला, बॅकअप करप्ट झालाय, जुन्या डिस्कवरून रिकव्हरी करून देतो, १५ हजार लागतील.

ड्राइव्हचं कव्हर उघडल्यावर आत एक छोटा यूएसबी बोर्ड आणि त्यात खोचलेलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड निघालं. अशा ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या बोर्डातच भरलेला प्रोग्राम, कॉम्प्युटरला बेधडक २ टीबी सांगतं. विंडोजमध्ये ते १.८१ टीबी दिसतं, अगदी अस्सल ड्राइव्हसारखं, त्यामुळे त्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्याच डेटावर चढतो. तरी एरर येत नाही. फाइलचं नाव, तारीख आणि साइझ ही नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते आणि ती शाबूत राहते. म्हणून 'साइझ जुळवून बघा' या म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. फाइल उघडूनच बघायला हवी.

तीही कॉपी झाल्या झाल्या नाही. नुकतीच लिहिलेली फाइल विंडोज रॅममधून दाखवू शकतं. ड्राइव्ह इजेक्ट करा, काढून पुन्हा लावा, शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, आणि सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या फोल्डरमधल्या मोठ्या फाइल उघडा. नवा ड्राइव्ह डेटा टाकण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने तपासा. तो ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. यूएसबी २ पोर्टवर २ टीबी भरायलाच १८-२० तास जातात, वाचायला तेवढेच, म्हणून निळा यूएसबी ३ पोर्ट वापरा. डेटा असलेल्या संशयित ड्राइव्हवर ही चाचणी अजिबात करू नका. उरलंसुरलंही पुसलं जाईल.

याच ताईंकडून त्याने आधी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रामच्या बीएके (.bak) फाइल 'कन्व्हर्ट' करायचे दर फाइलमागे पैसे घेतले होते. हे फारच संतापजनक आहे. ती फाइल म्हणजे ड्रॉइंगची आधीची सेव्ह केलेली प्रत. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करायचं, बीएकेची एक कॉपी काढायची, नावातलं शेवटचं बीएके खोडून डीडब्ल्यूजी (.dwg, ऑटोकॅडची नेहमीची फाइल) करायचं. झालं. मात्र बीएके दिसली की नाव बदला, असंही नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रामची बीएके त्याच प्रोग्राममधून रिस्टोअर करावी लागते.

विंडोज स्वतः पूर्ण सिस्टिमचा बॅकअप घेतं तेव्हा बनणाऱ्या विंडोजइमेजबॅकअप (WindowsImageBackup) नावाच्या फोल्डरबद्दलही 'हे आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतं' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात आतल्या व्हीएचडीएक्स (.vhdx) फाइलवर डबल क्लिक केलं की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, हव्या त्या फाइल कॉपी करून घेता येतात. त्या फोल्डरचं नाव बदलू नका आणि तो दुसऱ्या फोल्डरमध्ये न टाकता थेट ड्राइव्हवरच ठेवा, नाहीतर सिस्टिम रिकव्हरीला तो सापडत नाही.

जुनी डिस्क कुठल्याही सवलतीसाठी देऊ नका. हार्ड डिस्कवरचा पुसलेला डेटा, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा परत मिळतो. एसएसडीत ट्रिम या आपोआप होणाऱ्या सफाईमुळे तो थोड्याच वेळात कायमचा जातो. काम देण्याआधी डिस्कच्या लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि तो नंबर जॉब शीटवर, म्हणजे रिपेअरवाल्याच्या कामाच्या पावतीवर, लिहून घ्या. फसवणूक झालीच असेल, तर विंडोजने 'फॉरमॅट' किंवा 'स्कॅन अँड फिक्स' विचारल्यावर नकार द्या आणि त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका. बिल, चॅट आणि यूपीआयची पावती जपून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. डिस्क अडवून पैसे मागत असेल तर लेखी मागणी करा, आणि तरीही दिली नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. त्या अर्जात सिरियल नंबर असलाच पाहिजे.