दाल सरोवरातील शिकारा: पैसे सांगलीत भरले, पुन्हा घाटावर भरले

सांगली-मिरजेतून दर उन्हाळ्यात अनेक कुटुंबे काश्मीरला जातात, आणि त्यांच्या सहलीच्या माहितीपत्रकात "दाल सरोवरात शिकारा सफर" ही ओळ बहुधा ठळक अक्षरांत छापलेली असते. शिकारा म्हणजे तिथली वल्ह्याने चालवायची लांब नाव. आमच्या माहितीपत्रकातही ती ओळ होती. त्या एका ओळीचे पैसे आम्ही आधी सांगलीत भरले, मग श्रीनगरच्या घाटावर पुन्हा भरले, आणि पाण्यावर गेल्यानंतर केशराच्या नावाखाली आणखी पैसे आमच्याकडून काढण्यात आले. हे सारे नेमके कसे घडवून आणले जाते ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पुढच्या हंगामाचे आरक्षण सुरू झाले असून तेच माहितीपत्रक, त्याच ओळीसह, विश्रामबागेतील आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर पुन्हा लागलेले आहे. आयोजकाविरुद्धची तक्रार अद्याप निकाली निघालेली नसल्यामुळे त्याचे नाव इथे देत नाही.

आम्ही घरचे नऊ जण होतो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या आत्या आणि मामा होते, आणि शिकाऱ्यात बसण्याची सर्वांत मोठी हौस आत्यांनाच होती. म्हणूनच आगाऊ रक्कम भरताना त्यांनी आयोजकाच्या कार्यालयात स्वतः विचारले की शिकाऱ्याचे वेगळे पैसे पडतील का. "काकू, तिथं एक रुपयासुद्धा खिशातून काढायचा नाही, सगळं यात आलं," असे उत्तर त्यांना आम्हा सर्वांसमक्ष मिळाले. माहितीपत्रकातही "सर्व खर्च समाविष्ट" असे लिहिलेले होते आणि त्याखाली सरोवरातील "चार चिनार" नावाच्या बेटाचे छायाचित्र होते. पुढे काय झाले हे समजण्यासाठी हे छायाचित्र लक्षात ठेवावे लागेल.

दाल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पूर्वेला झबरवानचे डोंगर उभे आहेत आणि काठाने बुलेव्हार्ड नावाचा रस्ता जातो, ज्यावर ओळीने क्रमांक दिलेले घाट आहेत. हाउसबोटी या रस्त्यासमोर पाण्यात नांगरलेल्या असतात. त्यामुळे हाउसबोटीवर मुक्काम असेल तर सामानासह तिथे पोहोचायला शिकारा लागतोच; तो जेमतेम काही मिनिटांचा प्रवास असतो आणि बहुतेक वेळा मुक्कामाच्या व्यवस्थेतच धरलेला असतो. आमच्यासोबत सांगलीहून आलेल्या सहल व्यवस्थापकाने आम्हाला असेच पलीकडे नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, शिकाऱ्याची सफर कधी आहे असे वहिनींनी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की सफर झाली, काल आपण शिकाऱ्यातूनच तर आलो. मोठी फेरी हवी असेल तर ती स्वतंत्र असते आणि तिचे पैसे घाटावर द्यावे लागतात, असेही त्याने सांगितले.

आम्ही माहितीपत्रक काढून दाखवले. त्यावर त्याने मिरज स्थानकावर गाडी सुटण्याच्या गडबडीत सर्वांच्या हाती दिलेली कार्यक्रमपत्रिका काढायला सांगितली, आणि तिच्यात बारीक अक्षरांत "शिकारा (घाट ते हाउसबोट, जाणे-येणे)" असे छापलेले निघाले. सांगलीत पैसे घेताना दाखवलेला कागद एक होता आणि प्रवास सुरू झाल्यावर हाती पडलेला कागद दुसरा होता. माझ्या मते फसवणुकीचे मूळ इथे आहे, सरोवरात नाही, आणि म्हणूनच काश्मिरी लोक लुबाडतात असे सरसकट बोलणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. आम्हाला पहिल्यांदा ज्याने लुबाडले तो आपल्याच गावचा, आपलीच भाषा बोलणारा आणि आत्यांना काकू म्हणणारा माणूस होता.

घाटावर व्यवस्थापकाच्या ओळखीचा एक मध्यस्थ आधीच उभा होता. त्याने "आठ पॉइंट"ची फेरी सांगितली: नेहरू पार्क, कमळबाग, तरंगत्या बागा, मीना बाजार, चार चिनार आणि आणखी काही नावे. दर माणशी सातशे रुपये. आम्ही घासाघीस करू लागताच व्यवस्थापक मध्ये पडला, आणि संध्याकाळी पाऊस येणार आहे, उद्या पहाटे गुलमर्गला निघायचे आहे, नंतर वेळ मिळणार नाही, अशी घाई त्याने लावून दिली. आमच्यापैकी बहुतेकांची प्रीपेड सिमकार्डे तिथे बंद पडलेली होती, त्यामुळे दर कुठे पाहावा किंवा कोणाला विचारावे असा मार्ग हाताशी नव्हता. पोस्टपेड सिमकार्ड फक्त माझ्या पुतण्याकडे होते आणि तो त्या वेळी हाउसबोटीवर थांबला होता. त्याच्यासह नऊ जणांचे सहा हजार तीनशे रुपये व्यवस्थापकाने रोख गोळा करून मध्यस्थाच्या हाती दिले. पावती मागितली तेव्हा पाण्यावर पावती नसते असे सांगण्यात आले.

पुतण्याला वाटेत घेऊन तीन शिकारे निघाले. सरोवराच्या सौंदर्याविषयी मी काही कमी सांगणार नाही. देवदाराच्या लाकडाची सपाट तळाची ती लांब नाव, मागे बसून हृदयाच्या आकाराच्या वल्ह्याने पाणी कापणारा नावाडी, आणि डोंगराची सावली पाण्यावर उतरत असताना पसरत जाणारी शांतता, यासाठी कोणीही तिथे जावे. आमचा नावाडी साठीच्या आसपासचा होता. तिथल्या नावाड्यांच्या समाजाला हांजी म्हणतात आणि पाणी हेच पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे घर व शेत राहिलेले आहे. आम्ही सांगलीची माणसे, हरिपूरच्या संगमावर नावेत बसून लहानाची मोठी झालेली. त्यामुळे त्या वृद्धाच्या हाताची सफाई आम्हाला लगेच जाणवली आणि बोलणेही लवकर सुरू झाले.

त्याच्याच तोंडून "आठ पॉइंट"चा अर्थ कळला. नेहरू पार्क म्हणजे त्या बेटाजवळून जाणे; उतरायचे नाही. कमळबाग म्हणजे पाण्यावर पसरलेली पाने, कारण दाल सरोवरात कमळे फुलतात ती जुलै-ऑगस्टमध्ये आणि आम्ही मे महिन्यात गेलो होतो. मीना बाजार म्हणजे पाण्यातील दुकानांची रांग, जिथे शिकारा खांबाला बांधून ठेवतात आणि आपण दुकानात घालवलेली मिनिटे फेरीच्या तासात मोजतात. चार चिनार कुठे आहे असे आत्यांनी विचारले तेव्हा नावाड्याने वल्हे थांबवून दूरवर बोट दाखवले. ते बेट सरोवराच्या मोकळ्या भागात आहे, आणि आमच्या घाटावरून वल्ह्याच्या शिकाऱ्याने एका तासात तिथे जाऊन परतणे शक्यच नाही, त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा दर ठरवावा लागतो, असे त्याने स्पष्ट सांगितले. माहितीपत्रकातील त्या छायाचित्राचे दर्शन आम्हाला एवढेच घडले. आत्या त्यानंतर परत येईपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि मला पैशांपेक्षा त्याचे वाईट अधिक वाटले.

आमच्याकडून घेतलेल्या रकमेपैकी तुम्हाला किती मिळणार, असे मामांनी नावाड्याला विचारले. शिकाऱ्यामागे सहाशे, असे त्याने सांगितले. म्हणजे तिघा नावाड्यांना मिळून अठराशे रुपये आणि उरलेले साडेचार हजार मध्यस्थ व त्याला गिऱ्हाईक आणून देणाऱ्यामध्ये वाटून जाणार. तासभर वल्हे मारणाऱ्याच्या वाट्याला एकूण रकमेचा तिसरा हिस्साही येत नव्हता.

फेरीच्या मध्यावर विक्रेत्यांच्या लहान नावा शिकाऱ्याला येऊन चिकटू लागल्या. हे तिथे नेहमीचेच आहे. कहवा (काश्मिरी चहा), भाजलेली कणसे, दागिने, फिरन हा काश्मिरी झगा घालून काढायची छायाचित्रे असे सर्व पाण्यावरच विकले जाते आणि त्यातले बरेचसे प्रामाणिकपणे विकले जाते. मात्र आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने "पांपोरचे मोगरा केशर" म्हणून एकेका ग्रॅमच्या डब्या पुढे केल्या. पांपोर हे केशराच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले काश्मीरमधील गाव, आणि मोगरा हे केशराच्या उंची प्रतीचे नाव आहे, ज्यात फुलातील केवळ लाल तंतू असतात. वहिनींनी पाच डब्या पंधराशे रुपयांना घेतल्या. पुढची नाव लगेच आली, दिवस मावळत होता, आणि उघडून पाहायला कोणाला उसंत मिळाली नाही.

त्या रात्री हाउसबोटीवर मामांनी एक डबी उघडली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात त्यांचे आयुष्य गेले आहे आणि रंग चढवलेला माल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी कोमट पाण्यात चार तंतू टाकले, तर पाणी क्षणात लाल झाले आणि तंतू पांढरट पडले. खरे केशर पाण्याला सावकाश सोनेरी पिवळा रंग देते आणि तंतू बराच वेळ लालच राहतो. त्याची चव किंचित कडवट असते, गोड मुळीच नसते. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाण्यावर स्वस्तात मिळणाऱ्या डबीविषयी शंका यायलाच हवी. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आमच्या डबीवर ना उत्पादकाचा पत्ता होता, ना अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, जो भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वेष्टनबंद खाद्यपदार्थावर असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सामान घेऊन काठावर आलो, तेव्हा पुतण्याला थोड्या अंतरावरील घाटाजवळ पर्यटन विभागाचा दरफलक दिसला. त्यावरील दर शिकाऱ्याचा होता, माणशी नव्हता, आणि तासाच्या हिशेबाने होता. तीन शिकारे एका तासासाठी सरळ त्या दराने घेतले असते, तर आम्ही दिलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी पैसे लागले असते आणि ते थेट नावाड्याच्या हातात पडले असते. आदल्या दिवशी आमची गाडी त्या फलकापासून दूरच्या घाटावर का थांबवली गेली, याचे उत्तर व्यवस्थापकाने आजवर दिलेले नाही.

श्रीनगरमध्ये यासाठी दाद मागण्याची सोय आहे. जम्मू-काश्मीरमध्ये पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९७८ चा कायदा लागू आहे. शिकारे व हाउसबोटींची नोंदणी पर्यटन विभागाकडे होते, आणि जादा आकारणी किंवा गिऱ्हाइकांची दलाली याविरुद्ध त्या विभागाकडे, शहरातील पर्यटक स्वागत केंद्रात, तक्रार करता येते. त्यासाठी शिकाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि वेळ टिपून ठेवणे उपयोगी पडते. आम्हाला मात्र त्याच सकाळी गुलमर्गच्या गाडीत बसवण्यात आले, आणि उतरून मागे राहणे वृद्धांना घेऊन शक्य नव्हते. शिवाय त्या क्रमांकाची तक्रार नावाड्यावर गेली असती, आणि आमची तक्रार त्याच्याविषयी नव्हतीच.

सांगलीत परतल्यावर आम्ही आयोजकाला माहितीपत्रक, कार्यक्रमपत्रिका आणि पैसे भरल्याची पावती यांच्या प्रती जोडून लेखी मागणी पाठवली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने रक्कम परत न करता पुढील सहलीत सहा हजार तीनशे रुपयांची सवलत देऊ केली. ती आम्ही नाकारली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेचे बिल न देणे या दोन्ही गोष्टींची दखल घेतलेली आहे, आणि त्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. श्रीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा आमच्या वकिलांनी तयार केला आहे.

जे आता पैसे भरण्याच्या तयारीत आहेत त्यांनी पावतीवरच पुढील मजकूर आयोजकाच्या सहीने लिहून घ्यावा: शिकाऱ्याची फेरी किती वेळाची, एका शिकाऱ्यात किती माणसे, चार चिनार बेटावर उतरवणार की दुरून दाखवणार, आणि हाउसबोटीवर नेणे-आणणे या फेरीत मोजले आहे की नाही. "सर्व समाविष्ट" या शब्दांनी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. घाटावर गेल्यावर मध्यस्थाला बाजूला ठेवून आधी दरफलक शोधावा, बोलणी नावाड्याशीच करावीत, दुकानांत थांबायचे नसेल तर निघण्यापूर्वी सांगावे आणि पैसे फेरी संपल्यावर त्याच्याच हाती द्यावेत. तो दर देऊन वर खुशीने काही दिले तर त्यात गैर काही नाही. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट मागून अंगात घालावे. आमच्या तीन शिकाऱ्यांत मिळून चारच जाकिटे होती. १६ एप्रिल २०२४ रोजी श्रीनगरमध्येच, गंडबल येथे झेलम नदीत नाव उलटून शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले आहेत, त्यामुळे या बाबतीत संकोच करू नये.

केशराचे पंधराशे रुपये परत मिळण्याचा मार्ग मला दिसत नाही, कारण विक्रेत्याचा ठावठिकाणा नाही आणि बिलही नाही. मात्र सहलीच्या पैशांची गोष्ट वेगळी आहे. याच आयोजकाकडून किंवा याच पद्धतीने ज्यांच्याकडून गेल्या दोन वर्षांत शिकाऱ्याचे पैसे दुसऱ्यांदा घेतले गेले असतील, त्यांची तक्रार करण्याची मुदत अजून संपलेली नाही. त्यांनी ते जुने माहितीपत्रक आणि प्रवासात मिळालेली कार्यक्रमपत्रिका, दोन्ही कागद, फेकून देऊ नयेत.