जर्मनीतला पब्लिक इन्शुरन्स: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

केम्निट्झमध्ये मास्टर्सला येऊन आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय. आरोग्य विमा पब्लिक (कायद्याने चालणाऱ्या सार्वजनिक विमा संस्थांचा) घ्यायचा की प्रायव्हेट, हे पुण्याहून निघणारी ओळखीपाळखीची मुलं अजून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. निकाल आधीच सांगून टाकते: वय तिशीच्या आत असेल आणि प्रवेश डिग्रीला असेल, तर पब्लिकच घ्या. महाग आहे, कटकटीचा आहे, तरी घ्या.

आधी एक घोळ निस्तरू. व्हिसाच्या फायलीत लागणारा प्रवासी विमा वेगळा आणि इथे राहून शिकायला लागणारा आरोग्य विमा वेगळा. प्रवासी विम्याचं कव्हर किमान 30,000 युरोंचं लागतं आणि त्याचं काम फक्त सुरुवातीचे दिवस निभावून नेण्याचं. पब्लिकचं सदस्यत्व सेमिस्टरपासून सुरू होतं, तेही एनरोलमेंट झालेलं असेल तर. युनिव्हर्सिटीचं हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबरला लागतं, त्यामुळे सप्टेंबरात उतरलात तर मधले दिवस प्रवासी विम्यावरच काढायचे. ब्लॉक्ड अकाउंटवाले (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटते) हे दोन्ही विमे जोडून पॅकेज देतात. सोयीचं असतं ते, फक्त त्यातला दुसरा विमा खरंच पब्लिक आहे ना, एवढं वाचून घ्या.

आता पैसे. हप्ता महिन्याला साधारण 145 ते 150 युरो पडतो. आजारपणाचा मूळ हप्ता सगळीकडे सारखा असतो. टीके, एओके, बार्मर या पब्लिक विमा कंपन्यांत फरक पडतो तो वरच्या अधिभारामुळे, आणि तो काही युरोंचाच, त्यामुळे त्यावर रात्र जागवू नका. यातच दीर्घकालीन शुश्रूषेचा हप्ताही असतो आणि 23 पूर्ण झालेल्या, मूल नसलेल्यांना तो जरा जास्त बसतो. मूल नाही म्हणून दंड! घरी फोनवर सांगितलं तर आईला हा नियम फारच पटला. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात (सप्टेंबर 2024 पासून वर्षाची रक्कम 11,904 युरो आहे), त्यातून हा हप्ता गेला की खोलीभाडं आणि खाण्यापिण्याला साधारण साडेआठशे उरतात. रुपयांत गुणाकार केला की पहिले काही महिने पोटात गोळा येतो, हे खरं.

म्हणूनच प्रायव्हेटचा मोह होतो. मी ज्या कन्सल्टन्सीतून अर्ज केला, तिथल्या मॅडम स्वस्त प्रायव्हेट पॉलिसीवर अडूनच बसल्या होत्या. का, ते तुम्ही ओळखा. प्रायव्हेटला जायचं तर पब्लिकमधून सूट घ्यावी लागते, पहिल्या तीन महिन्यांत. आणि एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद. पुढच्या सेमिस्टरला दुखणं निघालं, विचार बदलला, काही उपयोग नाही. बहुतेक स्वस्त पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांना कव्हर नसतं, शिवाय आधी खिशातून भरा, मग बिलं पाठवा. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळतच नाही आणि नुसत्या भाषेच्या कोर्सला आलेल्यांचंही तसंच. त्यांचं गणित निराळं आहे, त्यांनी माझ्यावर विसंबू नये.

वापराबद्दल. जानेवारीत ट्रामच्या स्टॉपवर बर्फावरून घसरले आणि घोटा टम्म सुजला. शनिवारची संध्याकाळ, दवाखाने बंद. जीवावरचं असेल तर 112, नाहीतर 116117 हा नंबर. तिथून सुट्टीच्या वेळचा दवाखाना कळला. काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं कार्ड यंत्रात घातलं, स्क्रीनकडे बघून मान डोलावली आणि बसायला सांगितलं. एक्स-रे झाला, हाड शाबूत होतं. बाहेर पडताना मी सवयीने काउंटरपाशी घुटमळत राहिले, पैसे कुठे भरायचे म्हणून. बाईंनी ‘लवकर बऱ्या व्हा’ म्हटलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं. खर्च झाला तो घोट्याच्या पट्ट्याच्या दुकानात, 10 युरो. चिठ्ठीवरच्या औषधांचंही असंच: किमतीच्या 10 टक्के, पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 10 युरो. चिठ्ठी कागदावर नाहीच, 2024 पासून ती कार्डावरूनच औषधाच्या दुकानात दिसते. हॉस्पिटलात राहावं लागलं तर दिवसाला 10 युरो, वर्षातून फार तर 28 दिवसांचे.

आता तक्रारी. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला महिने जातात, आणि नवे पेशंट घेत नाही असं उत्तर फोनवर सर्रास मिळतं. फॅमिली डॉक्टर म्हणून कुणाकडे तरी पहिल्याच महिन्यात नाव लावून ठेवा, तब्येत ठणठणीत असली तरी. सर्दी-तापाला इथे आराम, भरपूर पाणी आणि चहा हाच इलाज, क्रोसिनची स्ट्रिप घरूनच आणा. चष्म्याला सहसा काही मिळत नाही. दात साफ करून घेण्याचे पैसे खिशातून जातात, काही विमा कंपन्या त्यातले थोडे परत देतात. दातांचं जे काही रखडलंय ते निघण्याआधी डेक्कनवर किंवा डोंबिवलीत उरकून या.

आणि पत्रं! कार्ड पोस्टाने येतं, पिन पोस्टाने येतो. लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, खोलीचा नंबर त्याच्या लेखी काहीच नाही. माझ्या कोल्हापूरच्या फ्लॅटमेटचं कार्ड असंच परत गेलं होतं. तेव्हा खोलीची किल्ली हातात पडली की आधी चिकटपट्टीने का होईना, नाव लावा. एनरोलमेंटसाठी मात्र कार्ड लागत नाही, विम्याची खबर कंपनीकडून युनिव्हर्सिटीला परस्पर ऑनलाइन जाते. हप्ते थकले तर तेही तसंच परस्पर कळतं आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडू शकते.

रेसिडेन्स परमिटच्या वेळी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विम्याचा दाखला पुन्हा मागतात. तो ॲपवरून दोन मिनिटांत निघतो.

डिग्री संपली की विद्यार्थी दर बंद. नोकरी शोधण्याच्या काळात स्वेच्छा सदस्य म्हणून महिन्याला अडीचशे युरोंच्या पुढे जातात, ते आत्तापासून बाजूला टाकत चला. कायमचं भारतात परतणार असाल तर नगरपालिकेत पत्ता रद्द केल्याचा कागद विमा कंपनीला पाठवूनच विमान पकडा, नाहीतर हप्त्यांचा मीटर मागे चालूच राहतो.