बिनस्वादाची एल-ग्लुटामिन पावडर, 250 ग्रॅमचा डबा: घ्यावी का?

ग्लुटामिन हे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्यांपैकी एक घटक. दुकानात व्हे प्रोटीनच्या (दुधातून काढलेल्या प्रोटीन पावडरीच्या) शेजारी हा डबा हमखास असतो आणि ‘रिकव्हरी लवकर होते, स्नायू भरतात’ असं सांगून खपवला जातो. पावडरीबद्दल तक्रार नाही: पांढरी, बारीक, जवळपास बेचव. विरघळायला मात्र चेंगट. साध्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात ग्लुटामिन जेमतेम 35-40 ग्रॅम विरघळतं, त्यामुळे 5 ग्रॅम अर्ध्या कपात ढवळलं तर तळाशी रेती राहणारच. 200-250 मिली गार पाणी घ्या, शेकरमध्ये हलवा, लगेच प्या. कालवून दिवसभर बाटलीत ठेवू नका, उकळत्या दुधात तर नकोच. पाण्यात ते हळूहळू मोडतं, उष्णतेने आणखी भरभर, आणि अमोनिया सुटतो. चमचा शिगोशीग भरला तर 5 ग्रॅमच्या पुढे जातो, एकदा काट्यावर तोलून बघा.

आता दाव्याचं. पुस्तकात ग्लुटामिन ‘अनावश्यक’ अमिनो आम्लांत मोडतं. नावच फसवं! शरीराला ते हवंच असतं, फक्त ताटातून यायची सक्ती नाही. ग्लुटामेट (दुसरं एक अमिनो आम्ल) आणि अमोनिया जोडून स्नायू ते घरच्या घरी बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात, पांढऱ्या पेशींना ते लागतं, रक्तात आम्ल वाढलं की मूत्रपिंडं त्यातूनच अमोनिया काढून आम्ल लघवीवाटे घालवतात. म्हणूनच प्यायलेल्या चमच्यातला मोठा वाटा आतडं आणि यकृतच फस्त करतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजनं उचलणाऱ्या तरुणांना 6 आठवडे चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 0.9 ग्रॅम दिलं. डब्यावरच्या डोसच्या कैक पट! तरी ताकदीत किंवा स्नायूंत प्लासिबोपेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या नकली पावडरीपेक्षा) फरक नाही. तेव्हा स्नायूंसाठी हा डबा घेऊ नका.

खरा उपयोग दुसरीकडे आहे. सिकलसेलसाठी (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, विदर्भात आणि नंदुरबारकडे ओळखीचा) अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये औषधी दर्जाचं ग्लुटामिन मंजूर केलं: 5 वर्षांपुढच्यांना, वजनानुसार 5 ते 15 ग्रॅम, दिवसातून दोनदा. ते डॉक्टरांनीच द्यायचं. जिमचा डबा त्याला पर्याय नव्हे. सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) असेल तर हात लावू नका, अमोनिया वाढून भ्रम होऊ शकतो.

व्हेच्या डब्यावर घटकांत ग्लुटामिन किंवा ग्लायसिन वेगळं घातलेलं दिसलं तर तोही डबा परत ठेवा. नायट्रोजन मोजून प्रोटीनचा आकडा काढतात, आणि स्वस्त अमिनो आम्लाने तो फुगवता येतो.