जुनं बेअर कोडिअ‍ॅक हंटर, आठ महिने वापरल्यानंतर: आधी दोरी बघा

जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलं असेल किंवा घ्यायचा बेत असेल, तर बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं वाचा: दोरी डेक्रॉनचीच (पॉलिस्टरच्या धाग्याची) लावा. दुकानदार काहीही सांगो. मी त्याचं ऐकलं आणि पन्नास वर्षं टिकलेलं धनुष्य तीन आठवड्यांत जवळजवळ घालवून बसलो.

माझं बेअर कंपनीचं कोडिअ‍ॅक हंटर ६० इंची आहे, ओढायला ४५ पौंडांचा जोर लागतो. मी मिशिगनमध्ये राहतो. ही धनुष्यं इथे अजूनही इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, निघतात, कारण कारखानाच इथला. कंपनीच्या फ्रेड बेअरने तो १९४७ साली इथल्याच ग्रेलिंग गावी नेला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलला हलेपर्यंत तिथेच होता. माझं धनुष्य एका गराजमध्ये मासेमारीच्या सामानामागे दोन खिळ्यांवर आडवं टांगलेलं होतं. ७० डॉलरला घेतलं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, १९५३ चं आहे, बघा, त्यावर लिहिलंयच. ते साल कॅनडातल्या पेटंटचं. नंतरच्या कितीतरी वर्षांच्या धनुष्यांवर ते तसंच छापलेलं असतं, तेव्हा त्या आकड्यापायी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा मधल्या लाकडावरचं अस्वलाचं गोल पदक चाचपून बघा. ते लाकडाच्या पातळीत सपाट बसलेलं असेल तर धनुष्य साधारण १९७२ पर्यंतचं, बोटाला उंच लागत असेल तर त्यानंतरचं. माझं सपाट आहे.

घेताना मी खिशात कापसाचा बोळा घेऊन गेलो होतो आणि तुम्हीही न्या. लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, कडांवरून तो हलकेच फिरवायचा. त्यांच्यावरच्या फायबरग्लासचा, म्हणजे काचेचा, तंतू सुटलेला असेल तर कापूस तिथे अडकतो. डोळ्याला जे दिसत नाही ते कापसाला कळतं. बाकी वार्निशवर भेगांचं जाळं असेल तर घाबरू नका, पन्नास वर्षांत वार्निश तडकतंच. लिम्बच्या लांबीने जाणारी बारीक रेषही बऱ्याचदा निभावून जाते. आडवी भेग दिसली, बोटाला जाणवली, तर मात्र धनुष्य फुकट मिळत असलं तरी ओढायच्या भानगडीत पडू नका.

पहिला दीड महिना मी फार सुखात होतो. हे धनुष्य हातात धरल्यावर काहीच नको वाटतं, ना नेम धरायची साइट, ना तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर. पंधरा यार्डांवरून बाण सुटला की हाताला धक्का जवळजवळ नाही, आणि आवाज म्हणाल तर जाड पुस्तक मिटल्यासारखा. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

मग जुनी दोरी मधोमध झिजली. दुकानात नवी मागितली तर तिथल्या माणसाने बारीक, चकचकीत दोरी काढली. डायनिमा नावाच्या धाग्याची, जिला सरसकट फास्ट फ्लाइट म्हणतात तसली. म्हणाला, बाण जोरात जाईल. दोरीचे २८ डॉलर, बसवायचे दहा. मी साताऱ्याला पुतणीला फोटो पाठवला. तिच्या क्लबात सगळे रिकर्व्हच मारतात, आणि फलटणकडच्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळून आल्यापासून आमच्या घरात सगळ्यांनाच त्यातलं थोडंफार कळतं. ती म्हणाली, "काका, डेक्रॉन आता नवशिके वापरतात. हीच चांगली." तिचंही बरोबरच होतं. तिच्या हातातल्या धनुष्याची टोकं याच दोरीसाठी मजबूत केलेली असतात. माझं धनुष्य बनलं तेव्हा ही दोरी बाजारातच नव्हती, ती आली ऐंशीच्या दशकात. हा फरक तिला माहीत असायचं कारण नाही. दुकानात बसलेल्या माणसाला असायलाच हवा होता.

बाण सुटतो तेव्हा डेक्रॉन शेवटच्या क्षणी किंचित ताणलं जातं आणि बाणाने न नेलेला उरलेला जोर पोटात घेतं. डायनिमा जवळपास ताणलीच जात नाही. मग तो जोर प्रत्येक बाणागणिक थेट लिम्बच्या टोकांवर आपटतो. वर तिचा फास बारीक, म्हणजे टोकाला दोरी अडकते त्या नॉकच्या खाचेत तो सुरीसारखा बसतो. बदल्यात मिळतो तो सेकंदाला काही फुटांचा वेग. पंधरा यार्डांवर तो मला जाणवलासुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी, ओढताना, वरच्या टोकातून 'टिक्' असा आवाज आला. मी सावकाश दोरी परत नेली आणि धनुष्य उतरवलं. भिंग लावून पाहिलं तर खाचेत दोन्ही बाजूंना काच पांढरी पडलेली, आणि टोकावर चिकटवलेल्या पट्टीखाली केसाएवढी फट, अर्धा इंच खाली आलेली. नख घातलं की नखाची कड आत जात होती.

दुकानात नेलं. उत्तर मिळालं की जुनं धनुष्य आहे, कधीतरी जाणारच होतं, दोरी वापरलेली आहे म्हणून परत घेता येणार नाही, आणि त्यापेक्षा नवंच का घेत नाही? किंमत ऐकून मी बाहेर आलो. ३८ डॉलरचं दुःख आहेच, ते मी नाकारत नाही. पण धनुष्य पाहून, त्यावर लिहिलेले ओढीचे पौंड वाचून, लावू नये ती दोरी लावायची आणि वर धनुष्यालाच म्हातारं ठरवायचं, याचा राग मला अजून आहे.

त्या आठवड्यात मी हा अनुभव लिहायला घेतला असता तर मथळा असता 'जुनं धनुष्य घेऊ नका'. ते मत आता माझं नाही. रेंजवर येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी टोक निरखलं आणि म्हणाले, लिम्ब शाबूत आहे, सुटलीय ती फक्त वरची पट्टी, घरी होईल. कसं करायचं तेही त्यांनीच सांगितलं.

आधी फटीतून डेंटल फ्लॉस आरपार ओढला, तो काळा होऊन निघाला. मग रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून पुन्हा, पांढरा निघेपर्यंत. रात्रभर वाळू दिलं. सुपरग्लू आणला तो पाण्यासारखा पातळ, जेलवाला नव्हे. फटीच्या तोंडाशी एक थेंब ठेवला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला. पांढुरकी रेष टोकाकडून खालपर्यंत हळूहळू काळी होत गेली. तसे तीन थेंब लागले. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळली आणि चोवीस तास हात लावला नाही. पुढे खाच. चेनसॉला धार लावायची बारीक गोल कानस घेऊन फक्त धारदार कडा मारल्या, खोली वाढवली नाही. मग ४०० आणि ६०० चा पॉलिशपेपर, ओला करूनच, कारण काचेची भुकटी छातीत जाऊ द्यायची नसते. मास्कही लावला. शेवटी काडीच्या टोकाने इपॉक्सीचा पातळ हात. सगळा खर्च ११ डॉलर, आणि निम्मा सुपरग्लू अजून शिल्लक आहे.

दोरी आणली ती डेक्रॉन, बी-५०, १४ पदरांची, फासाशी जादा पदर घालून जाड केलेली. लांबी ५६ इंच. धनुष्य ६० चं म्हणून दोरी ६० ची मागवू नका, जुन्या रिकर्व्हला ती चार इंच कमी लागते. किंमत १५ डॉलर. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, दोरीला पीळ देऊन आठ इंचांवर आणली, तिथे धनुष्य सगळ्यात गप्प असतं. चढवून तासभर नुसतं ठेवलं, मग अर्धं अर्धं ओढलं, मग पूर्ण. तो 'टिक्' परत आला नाही. सहा महिने झाले.

एक गोष्ट मात्र माझ्यावरच येते. ऑक्टोबरात लक्षात आलं की खालच्या लिम्बवर दोरी मधोमध न बसता डावीकडे सरकतेय. लिम्ब पिळला होता. मी लगेच दुकानाचं नाव घेतलं, पण हे त्यांचं काम नव्हतं. सुरुवातीला मी पाय दोरीत घालून, मांडीवर वाकवून धनुष्य चढवत होतो. त्यात लिम्बला बाजूने रेटा बसतो. शिवाय ते कोटांच्या कपाटात, कोपऱ्यात टोकावर उभं ठेवत होतो. ज्याने ते आधी वापरलं त्याने गराजमध्ये दोन खिळ्यांवर आडवं टांगलं होतं, आणि मी त्याला कपाटात उभं केलं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

पीळ काढायला चार दिवस लागले. हेअर ड्रायरने लिम्ब कोमट करायचा, हाताला सहज सोसेल इतकाच, कारण जास्त उष्णतेने आतला गोंदच सुटतो. मग पिळाच्या उलट दिशेला, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे वळवून मिनिटभर धरायचा आणि गार होऊ द्यायचा. रोज थोडं. घाई केली असती तर लिम्ब गेला असता. त्याच कारणाने उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवू नका, दहा मिनिटांसाठीही नको. आता स्ट्रिंगरशिवाय (दोरी चढवायच्या साधनाशिवाय) चढवत नाही, मारून झालं की दोरी उतरवतो, आणि दिवाणखान्यात दोन लाकडी खुंट्या ठोकल्यात. लाकडाला महिन्यातून एकदा मेणाचा हात देतो. रिकामी दोरी ओढून सोडायला घरी आलेल्या कोणालाही देत नाही. पोरं मागतात, तरी नाही.

दुरुस्त केलेली खाच दर रविवारी भिंगाखाली बघतो. पांढरेपणा वाढलेला नाही. दोरी मात्र मधल्या सर्व्हिंगशी, म्हणजे तिच्यावर गुंडाळलेल्या धाग्याशी, सुटायला लागलीय, म्हणून काल दोन मागवल्या. डेक्रॉन, १४ पदर, ५६ इंच.