निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल : लातूरच्या नोंदी चाळताना
विलासराव देशमुख यांची कारकीर्द आकड्यांतून तपासण्यासाठी भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील विधानसभा निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल वाचले. १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग तीन विजय मिळवलेल्या या नेत्याचा १९९५ मध्ये शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी केलेला पराभव आणि १९९९ मध्ये लातूरमधूनच पुन्हा निवडून येऊन त्यांनी गाठलेले मुख्यमंत्रिपद, हा चढउतार (लातूरकरांना तो तोंडपाठ आहेच) उमेदवारनिहाय मतांच्या कोरड्या तक्त्यांतही ठळक उमटतो. बाभळगावच्या सरपंचपदापासून झालेली सुरुवात मात्र येथे सापडत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या निवडणुका या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. जुने अहवाल इंग्रजीत असले, तरी तक्ते सहज उलगडतात.