फेंडर चँप, 1966 : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतील एका गराज सेलमध्ये घेतलेल्या या ॲम्पविषयी, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या छोट्या पेटीविषयी, मी दोन महिन्यांतच लिहिणार होतो आणि ते सारे लिखाण त्याच्या स्पीकरमधून सतत येणाऱ्या गुणगुणीवरच झाले असते. ते राहून गेले हे बरे झाले, कारण तिसऱ्या महिन्यात तळघरात वाजवत असताना माझा डावा हात तारांवर होता, उजव्या हाताची पाठ वॉशिंग मशीनच्या पत्र्याला लागली आणि कोपरापर्यंत सणकून झिणझिण्या गेल्या. त्यानंतर गुणगुणीचा विषय काही दिवस तरी मागे पडला.

हा ॲम्प ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची कुंडली सांगण्याची गरज नाही : गिटारचा क्षीण संकेत वाढवणारा एक 12एएक्स7, स्पीकर हलवणारा एक 6व्ही6 आणि एसी विजेची डीसी करणारा एक 5वाय3 असे काचेचे तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि जेमतेम सहा वॉट. वर्ष मी आवाजाच्या पॉटवरील (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवरील) आकड्यावरून काढले. त्यातील 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे 66 हे वर्ष आणि त्यापुढचे दोन आकडे आठवड्याचे. अर्थात हे पॉट बनल्याचे वर्ष आहे; ॲम्प त्यानंतर केव्हाही जुळवलेला असू शकतो.

घेतल्या घेतल्या तो मी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. एकशे चाळीस डॉलर घेऊन त्यांनी तिन्ही व्हॉल्व्ह बदलले, जुने परत दिले नाहीत आणि गुणगुण होती तेवढीच राहिली. मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा 'चँप म्हटला की तो गुणगुणणारच' हे एकच उत्तर मिळाले. पैसे घेऊन मिळालेले हे तत्त्वज्ञान मला अजिबात पटले नाही. मात्र एक गोष्ट मला येथे कबूल केली पाहिजे. मागील बाजूची दोन पिनांची मूळ वायर तशीच ठेवा, असे त्यांना मीच बजावले होते. मूळ वायर असली की पुढे विकताना चार पैसे जास्त येतील हा माझा हिशेब होता. तरीही दुकानदाराने ते ऐकायला नको होते, असे मला आजही वाटते.

झिणझिण्यांचे कारण चॅसी (आतला धातूचा सांगाडा) उघडल्यावर दिसले. विजेच्या एका वायरीपासून चॅसीपर्यंत 0.047 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (वीज साठवणारा आणि एसी थोडी पुढे जाऊ देणारा भाग) लावलेला होता. गिटारच्या तारा चॅसीलाच जोडलेल्या असतात आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की हा कपॅसिटर थेट फेजवर येतो. 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर त्यातून साधारण दोन मिलिॲम्पियर प्रवाह वाहतो, म्हणजे हात झटकावा लागेल एवढा. पण कपॅसिटर जुना होऊन आतून शॉर्ट झाला, तर मधे अडवणारे काहीच उरत नाही आणि भिंतीतली सगळी वीज तारांवर येते. मी ज्या वायरीची किंमत जपत होतो तिच्या दुसऱ्या टोकाला हे बसले होते.

मी अकरा डॉलरची तीन पिनांची वायर आणली. हिरवी (अर्थिंगची) वायर ट्रान्सफॉर्मरच्या नटाखाली न अडकवता चॅसीला स्वतंत्र भोक पाडून, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळली. काळी वायर (अमेरिकेत ती फेजची) आधी फ्यूजला, तेथून स्विचला आणि पांढरी (न्यूट्रलची) थेट ट्रान्सफॉर्मरला, असा क्रम ठेवला. कपॅसिटर काढून टाकला. फ्यूजच्या नळीत आधीच्या कोणीतरी चॉकलेटची चांदी गुंडाळून ठेवली होती. त्या माणसाला मी मनोमन कोपरापासून हात जोडले.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी पुढील प्रसंग जरूर वाचावा. पहिल्यांदा ॲम्प बंद करून प्लग काढला आणि डीसी पुरवठ्यातील चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर मीटर धरला, तेव्हा अवघे नऊ व्होल्ट दिसले. प्लग काढल्यावरही त्यात वीज उरते म्हणून लोक उगीच घाबरवतात असे तेव्हा वाटले. दुसऱ्या वेळी गुणगुण शोधण्यासाठी मी 6व्ही6 काढून ॲम्प क्षणभर चालू केला होता आणि बंद करून तब्बल दहा मिनिटांनी मीटर लावला, तर आकडा 310! तापलेला 6व्ही6 जागेवर असला की तो व्हॉल्व्हच कपॅसिटर रिकामा करतो, आणि तो नसला की विजेला जायला वाट उरत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरले. आता मी 22 किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर चिमट्यांनी चॅसी आणि कपॅसिटर यांच्यामध्ये लावतो, डावा हात खिशात ठेवतो आणि मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट घालत नाही.

पहिल्यांदा चालू करताना, आपल्याकडील रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तसा साठ वॉटचा सिरीज बल्ब (ॲम्पकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला, प्रवाह अडवणारा बल्ब) लावला. तो एकदा भपकन पेटून मंद झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला असता, तर आत काहीतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे लागले असते.

आता गुणगुण. आवाजाचे बटण शून्यावर नेले तरी ती कमी होत नव्हती आणि 12एएक्स7 काढला तरी थांबत नव्हती. म्हणजे दोष गिटारकडच्या पुढच्या भागात नव्हता. तिचा स्वर गिटारच्या मोकळ्या ए तारेच्या जरासा वर लागत होता. ती तार 110 हर्ट्झची, म्हणजे ही 120 हर्ट्झची. भिंतीतल्या 60 हर्ट्झच्या विजेची डीसी करताना उरणारी लहर दुप्पट, म्हणजे 120ची असते; ती ऐकू येणे ही फिल्टर कपॅसिटर थकल्याची खूण होय. अठ्ठावन्न वर्षांचा तो कपॅसिटरचा डबा बदलल्यावर गुणगुण निम्म्याहून अधिक गेली आणि दुकानाविषयीचा माझा राग दुप्पट झाला, कारण हे काम त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. उरलेली घालवण्यासाठी मी पहिला कपॅसिटर 80 मायक्रोफॅरडचा लावून पाहिला. गुणगुण आणखी घटली, परंतु चालू करताच 5वाय3मध्ये निळसर ठिणगी उडालेली दिसली. एवढा मोठा कपॅसिटर भरताना त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हवर जो ताण येतो तो त्याला सोसणारा नाही, म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा 40चा लावला.

त्यानंतर मला मत बदलावे लागले. दोन पॉवर व्हॉल्व्ह जोडीने चालणाऱ्या ॲम्पमध्ये पुरवठ्यातील लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपसांत बरीचशी कटते. चँपमध्ये एकटा 6व्ही6 असल्यामुळे ती कटायला जोडीदारच नाही. थोडी गुणगुण ही या रचनेचीच देणगी आहे. म्हणजे दुकानदार चुकीचे काम करून बरोबर बोलला होता. हे मी त्याला फोन करून सांगणार नाही.

आणखी एक खर्च : 117 व्होल्टसाठी बांधलेल्या या ॲम्पला माझ्या घरात 123 व्होल्ट मिळतात. 6व्ही6च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) 20 व्होल्ट आणि प्लेटवर (ते झेलणारे टोक) 352 व्होल्ट भरले. कॅथोडला लागलेल्या 470 ओहमच्या रेझिस्टरच्या हिशेबाने तो तेरा वॉटच्या वर तापत होता आणि जुन्या पुस्तकांत त्याची मर्यादा बारा वॉट दिली आहे. प्रवाह कमी व्हावा म्हणून त्या जागी 560 ओहमचा रेझिस्टर लावला. खर्च चाळीस सेंट.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. बटण चारपर्यंत स्वच्छ, सहाच्या पुढे गोड फाटलेला. बायकोच्या मते पाचच्या पुढे नुसताच फाटलेला. पुण्याचा भाचा तो मागतो आहे. त्याला सांगितले आहे की तेथे 230 व्होल्टवरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो घेताना अर्थिंगची पिन खरोखर आरपार जोडलेली आहे की नुसती दिखाव्याची, हे मीटरने तपासावे लागेल.

काढलेले सगळे सुटे भाग तारखेसह एका पिशवीत घालून पेटीच्या आतल्या बाजूला ठेवले आहेत. दोन पिनांची वायरही त्यातच आहे, मात्र तिचा प्लग मी कापून टाकला आहे.